व्हॉल्व्ह बदलावे का, आणि बदलायचे तर कुठले?

रात्रपाळी

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे. आज अडचण आली म्हणून धागा काढतोय.

दोन वर्षांपूर्वी एक वापरलेला व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) घेतला. दर चॅनलला दोन ईएल३४ (हे पॉवर व्हॉल्व्ह), एक ईसीसी८३ आणि एक ईसीसी८२ (हे छोटे), असे एकूण आठ व्हॉल्व्ह. आवाजावर खूश आहे. म्हणजे होतो. गेल्या महिन्यापासून सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं डाव्या स्पीकरमधून चुरचुर येते, मधूनच फट्ट. तापला की कमी होते, पण पूर्ण जात नाही. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी येतेच.

एका विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, आठही बदला. आणि बदलताच आहात तर पुढचे दोन ईसीसी८३ जुन्या काळातले, न वापरलेले मलार्ड (जुनी ब्रिटिश कंपनी) घ्या, आवाज 'उघडेल'. ते दोन मी घेतले (लगेच हसू नका). चुरचुर जिथल्या तिथे. आवाज उघडला का? पहिल्या संध्याकाळी वाटलं हो. दुसऱ्या दिवशी तेवढी खात्री राहिली नाही.

तर ही चुरचुर व्हॉल्व्हची आहे की आणखी कशाची? व्हॉल्व्ह बदलून आवाज खरंच बदलतो का? आणि ईएल३४च्या जागी केटी८८ (दुसऱ्या प्रकारचे पॉवर व्हॉल्व्ह) बसतात असं वाचलं. तसंच सॉकेट, तशाच पिना. लावून बघू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नवा_गडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझाही प्रश्न जवळपास हाच आहे, नंतर लिहितो.

जुनी_डबी

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. आठ नवे व्हॉल्व्ह घेण्याआधी अदलाबदल करून बघा. तुमच्याकडे दोन सारखे चॅनल आहेत, म्हणजे तपासणीचं यंत्र घरातच आहे.

ॲम्प बंद करा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या. डावीकडचा ईसीसी८३ उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. बाकी कशाला हात लावू नका. सुरू करा. चुरचुर व्हॉल्व्हच्या मागोमाग उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह दोषी. डावीकडेच राहिली तर तो सुटला; त्याला मूळ जागी ठेवा आणि ईसीसी८२ची जोडी अशीच फिरवा. शेवटी ईएल३४. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चुरचुर गेली, तर कशाने गेली ते कळत नाही, आणि परत आली की पहिले पाढे पंचावन्न.

व्हॉल्यूम शून्यावरही येते हे लिहिलंत ते बरं केलंत. बहुतेक ॲम्पमध्ये पॉट (व्हॉल्यूमचं बटण) पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी असतो. तुमच्यातही तसंच असेल तर सोर्स, केबल आणि पॉट तिघंही सुटले.

काढण्याघालण्याबद्दल दोन शब्द, कारण निम्मे व्हॉल्व्ह इथेच मरतात. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला डोक्यावर काचेचं टोक असतं. कारखान्यात तिथूनच हवा ओढून तोंड बंद केलेलं असतं, त्यामुळे त्या टोकाला धरून ओढायचं नाही. ते तडकलं की आतला चांदीसारखा चकचकीत डाग दुधासारखा पांढरा होतो आणि कारभार आटोपतो. अंगाला धरून सरळ वर, अगदी किंचित झुलवत काढा. घालताना पहिल्या आणि नवव्या पिनेमधली मोठी फट सॉकेटच्या फटीशी जुळवा. ईएल३४ मात्र खालच्या बैठकीला धरून काढायचा, काचेला नाही. त्याच्या मधल्या खुंटाला एक कड असते, ती खाचेत जाते. तो खुंट तुटलेला व्हॉल्व्ह 'कसातरी बसतो' म्हणून वापरू नका. चुकीच्या कोनात बसला तर स्वतः जातोच, वर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो.

आणि सुरू असताना एकही व्हॉल्व्ह उपटायचा नाही, स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालवायचा नाही. हे दोन नियम दगडावरची रेघ.

ओहमशास्त्री

केटी८८चं मी सांगतो, कारण या एका प्रश्नापायी लोकांचे ॲम्प जळालेले पाहिलेत.

सॉकेटमध्ये बसणं आणि सर्किटमध्ये बसणं यात फरक आहे. ईएल३४च्या फिलामेंटला (आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात, केटी८८ला १.६. चार व्हॉल्व्ह म्हणजे ०.४ अँपिअर जास्त. ट्रान्सफॉर्मर दणकट असेल तर हे पेलेल. खरी गोम बायसमध्ये आहे: कॅथोडकडून अ‍ॅनोडकडे जाणारा करंट ग्रिड नावाची जाळी आवरते, आणि तिला दिलेलं ऋण व्होल्टेज म्हणजे बायस. तेवढ्याच अ‍ॅनोड व्होल्टेजला केटी८८च्या ग्रिडला ईएल३४पेक्षा बरंच जास्त ऋण व्होल्टेज लागतं. तुमच्या ॲम्पचा बायस फिक्स्ड (वेगळ्या पुरवठ्यातून दिलेला) असेल आणि तो ईएल३४पुरताच फिरत असेल, तर केटी८८ लावल्यावर त्यातून वारेमाप करंट जाईल. अ‍ॅनोडचा पत्रा आधी मंद आणि मग लालभडक होतो. तो लाल दिसला की विचार करत बसायचं नाही, बटण बंद.

उलट दिशेनेही गंमत आहे. ईएल३४च्या पहिल्या पिनेवर सप्रेसर ग्रिड असते आणि ती बाहेर आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. ६एल६ या आणखी एका पॉवर व्हॉल्व्हसाठी बनवलेल्या ॲम्पमध्ये पहिली पिन कधी मोकळी असते, तर कधी बनवणाऱ्याने तिचा भलत्याच जोडणीसाठी टेकू म्हणून वापर केलेला असतो. तिथे ईएल३४ लावला की घोटाळा.

म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेत केटी८८ चालतात असं लिहिलं असेल तरच लावा. ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज तेच, त्यामुळे पॉवर फारशी वाढणारही नाही.

तुमचा बायस कसा आहे? मोजायची सोय आहे का?

रात्रपाळी

प्रत्येक ईएल३४च्या शेजारी मीटरचं टोक घालायला छिद्र आणि पेचकसाने फिरवायचा छोटा प्रीसेट आहे. पुस्तिकेत ३५ मिलिव्होल्ट लिहिलंय. अ‍ॅनोड व्होल्टेज ४३०. केटी८८चा उल्लेख कुठेही नाही.

ओहमशास्त्री

मग केटी८८चा विषय मिटला.

३५ मिलिव्होल्टचा अर्थ सांगतो, म्हणजे आकडा पाठ करावा लागणार नाही. कॅथोड आणि जमीन यांच्यात १ ओहमचा रोध आहे. १ ओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. तेव्हा तुमचा व्हॉल्व्ह काही वाजत नसतानाही ३५ मिलिअँपिअर ओढतो. ४३० गुणिले ०.०३५ म्हणजे १५ वॅट. ईएल३४चा अ‍ॅनोड २५ वॅट सोसतो. पुश-पुलमध्ये (दोन पॉवर व्हॉल्व्हची उलटसुलट काम करणारी जोडी) ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेसतरा वॅटपर्यंत जायचा प्रघात आहे; तुमच्या व्होल्टेजला ते ४० मिलिअँपिअर होतात. निर्मात्याने थोडं सबुरीनं घेतलंय, ते चांगलंच आहे. या मोजणीत स्क्रीन ग्रिडचे काही मिलिअँपिअरही येतात, म्हणजे अ‍ॅनोडवर प्रत्यक्ष भार आणखी थोडा कमीच.

ईएल३४ इकडचे तिकडे केले तरी बायस परत बघायचा. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, चारही मोजा, फिरवा, पुन्हा चारही मोजा. एक फिरवला की बाकीचे किंचित हलतात.

एका चॅनलचे दोन ईएल३४ एकमेकांशी जुळलेले हवेत. पुश-पुलमध्ये दोघांचा करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये विरुद्ध दिशांनी जातो आणि एकमेकाला खोडतो. एकाने २५ ओढले आणि दुसऱ्याने ४५, तर उरलेले २० गाभ्याला चुंबक करून ठेवतात. खालचे सूर पातळ होतात आणि घुंऽऽ वाढतो. लोक मग नव्या व्हॉल्व्हला नावं ठेवतात.

सोनकान

सगळं बरोबर, पण दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये. आवाज बदलतो का? बदलतो! पंधरा वर्षं हेच करतोय. एकाच ॲम्पमध्ये चार वेगळ्या कारखान्यांचे ईसीसी८३ लावा. एकात गाणारा समोर येऊन बसतो, दुसऱ्यात भिंतीला टेकतो. तानपुऱ्याची जवारी एकात कातरल्यासारखी येते, दुसऱ्यात गोल. मीटरला कान नसतात.

ओहमशास्त्री

सोनकान, मीटरला कान नसतात तसा कानांना शून्याचा काटा नसतो.

१९४७ साली आरसीए या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेला १२एएक्स७ आणि युरोपात ज्याला ईसीसी८३ म्हणतात तो, एकच. कागदावर त्याचा मू, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याचा गुणक, १००. पण हातातल्या दोन व्हॉल्व्हचा मू किंवा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो ते) तंतोतंत सारखा कधीच नसतो. जुना झिजलेला आणि नवा यांत तर आणखी फरक. म्हणजे व्हॉल्व्ह बदलला की आवाजाची पातळीही अर्धा-एक डेसिबलने हलू शकते. एवढ्याशा वाढीला आपला कान 'मोठा झाला' म्हणत नाही, 'स्वच्छ झाला', 'पुढे आला' म्हणतो. व्हॉल्व्ह बदलायला लागणाऱ्या दहा मिनिटांत आधीचा आवाज आठवणीत किती उरतो तेही बघा.

पातळी जुळवून ऐका आणि मग सांगा.

सोनकान

जुळवून ऐकलंय. फोनवरच्या डेसिबल मीटरने.

ओहमशास्त्री

फोन इकडचा तिकडे हलला तरी तो आकडा बदलतो. २०० हर्ट्झचा टोन लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. १ किलोहर्ट्झचा नको, साधे मल्टिमीटर तिथे चुकू लागतात. पहिल्या व्हॉल्व्हला २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यालाही व्हॉल्यूम फिरवून २.०० आणा. फार तर ०.०२ इकडे तिकडे. तो फरक ०.१ डेसिबलच्याही आत येतो.

मंद्र

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात असं म्हणायचं धाडस करतो.

फरक कुठे पडतो ते सर्किटवर अवलंबून आहे. रात्रपाळींच्या ॲम्पसारख्या पुश-पुलमध्ये साधारणपणे आउटपुटपासून मागे पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत फीडबॅक असतो, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग चूक सुधारायला मागे दिलेला असतो. फीडबॅकचं कामच हे की मधे कोण बसलंय ते कमीत कमी कळावं. तिथे दोन निरोगी ईसीसी८३ अदलून बदलून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. पण फीडबॅक नसलेला ३००बीचा सिंगल-एंडेड (पुश-पुलची जोडी नसलेला) ॲम्प घ्या (वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली काढलेला हा व्हॉल्व्ह लोक अजून कवटाळून आहेत). तिथे पॉवर व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध थेट स्पीकरला दिसतो. स्पीकरचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा रोध) जिथे चढतो तिथे आवाज चढतो, उतरतो तिथे उतरतो. व्हॉल्व्ह बदलला, त्याचा रोध बदलला, तर हा चढउतारही बदलतो. सोनकान, तुमचा ॲम्प यातला आहे का?

सोनकान

हो. ३००बी, फीडबॅक शून्य. आणि रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा. ५यू४जी काढून जीझेड३४ लावला तेव्हा जो फरक पडला तो बहिऱ्यालाही कळेल.

ओहमशास्त्री

तो मान्य, विनाअट. पण का पडला? जीझेड३४मध्ये व्होल्टेज कमी पडतं, पूर्ण भाराला साधारण १७ व्होल्ट. ५यू४मध्ये चाळीस-पन्नास. म्हणजे रेक्टिफायर बदलून तुम्ही अख्ख्या ॲम्पचं व्होल्टेज वाढवलंत, प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळ्या बिंदूवर गेला. ऐकू येणारच. फक्त वाढलेला भार ३००बीला झेपतोय ना, हे मोजलं होतंत का?

उलट दिशेला जाणाऱ्यांनी फिलामेंटकडेही बघावं. जीझेड३४ ५ व्होल्टला १.९ अँपिअर घेतो, ५यू४ घेतो ३. जीझेड३४साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर ५यू४ लावणं म्हणजे त्याला दीडपट ओझं देणं.

सोनकान

मोजलं नव्हतं. मोजतो.

जुनी_डबी

सोनकान 'मोजतो' म्हणाले. या ओळीची वाखूसा.

नवा_गडी

मधे शिरतो, माफ करा. माझ्या प्रीॲम्पमध्ये (पॉवर ॲम्पच्या आधीचा छोटा ॲम्प) ईसीसी८३ आहे. मित्राने ईसीसी८८ दिलाय, त्याच्या मते आवाज कमी आणि शांत होतो. दोन्ही नऊ पिनांचे. लावला तर चालेल ना?

ओहमशास्त्री

थांबा! लावू नका!

ईसीसी८३चा फिलामेंट मधून निघालेला असतो: चौथी आणि पाचवी पिन दोन टोकं, नववी मध्य. त्यामुळे तो १२.६ व्होल्टवरही चालतो आणि ६.३वरही. ईसीसी८८चा फिलामेंट फक्त ६.३चा, चौथ्या-पाचव्या पिनेवर. नववी पिन आतल्या पडद्याची. तुमच्या सॉकेटला १२.६ येत असतील तर त्याला दुप्पट व्होल्टेज मिळेल आणि तो गेला. ६.३ची जोडणी असेल तर चौथी आणि पाचवी एकत्र बांधलेल्या असतात, तेव्हा तो पेटणारच नाही. त्यातून साध्या ईसीसी८८च्या अ‍ॅनोडला १३० व्होल्टची मर्यादा, आणि ईसीसी८३च्या सर्किटमध्ये त्याहून बरंच जास्त सहज असतं. रशियन ६एन२पीचंही असंच. गुण ईसीसी८३च्या जवळचे, पण फिलामेंटची जोडणी निराळी.

आवाजाची वाढ कमी हवी असेल तर त्याच जोडणीतले बघा. ५७५१चा मू ७०, म्हणजे साधारण ३ डेसिबल कमी. १२एटी७चा ६०. ५७५१ त्यातल्या त्यात सोयीचा, कारण तो १२एएक्स७च्याच घरातला. फिलामेंटला किंचित जास्त करंट घेतो एवढंच. १२एयू७ म्हणजे ईसीसी८२ बसतो आणि पेटतो, पण त्याचा मू १७-२०. शिवाय त्याला करंट दहापट लागतो आणि तिथले रोध ईसीसी८३साठी निवडलेले असतात. चालेल, पण लंगडत.

नवा_गडी

बापरे. मित्राला परत देतो. दंडवत.

रात्रपाळी

अदलाबदलीचा निकाल. तीन संध्याकाळी लागल्या.

ईसीसी८३ फिरवले, चुरचुर डावीकडेच. विक्रेत्याने दिलेले काढून माझे जुनेच लावले, तरी डावीकडेच. ईसीसी८२ फिरवले, डावीकडेच. ईएल३४ फिरवले, बायस परत ३५वर आणला (एक ४१वर गेला होता, एक २९वर), डावीकडेच.

म्हणजे आठही व्हॉल्व्ह निर्दोष?

दुसरं म्हणजे, ते 'जुने मलार्ड' हातात घेतले तर अक्षरं अंगठ्यालाच लागून आली. फसलो का?

जुनी_डबी

अक्षरं पुसली जाणं हा फसवणुकीचा पुरावा नाही. खऱ्या जुन्या मलार्डचा ठसाही असाच हलका असतो, बोट लागलं की जातो. उलट पन्नास वर्षांनंतर अक्षरं कालच छापल्यासारखी ठसठशीत दिसली तर मला जास्त शंका येते.

काचेच्या खालच्या भागात, पिनांच्या जरा वर, आम्लाने कोरलेल्या फिकट करड्या रंगाच्या दोन बारीक ओळी शोधा. दिवा तिरका धरा, एकदम दिसत नाहीत. वरची ओळ प्रकार आणि आवृत्तीची. खालच्या ओळीत पहिलं चिन्ह कारखान्याचं, मग वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर, आठवड्याचा आकडा. इंग्रजी 'बी' असेल तर ब्लॅकबर्न, म्हणजे मलार्डचा मुख्य कारखाना. छोटा त्रिकोण असेल तर नेदरलँड्समधलं हेर्लेन, फिलिप्सचं. पूर्वी कंपन्या एकमेकींकडून व्हॉल्व्ह घेऊन आपलं नाव छापायच्या, त्यामुळे नाव एकाचं आणि कोड दुसऱ्याचा असला तरी तो नकली ठरत नाही. टेलिफुंकेनचा असता तर तळाला पिनांच्या मधे काचेतच उठलेला चौकट-इस्पिकातल्या चौकटसारखा आकार दिसला असता.

खोक्यावर मुळीच विसंबू नका. खोकं छापायला व्हॉल्व्हचा कारखाना लागत नाही.

आणि 'नवा मलार्ड' असाही एक प्रकार आहे. मलार्ड, टंग-सोल, जेनॅलेक्स गोल्ड लायन ही जुनी नावं आता रशियातल्या साराटोवच्या कारखान्यात बनणाऱ्या व्हॉल्व्हवर छापली जातात. सोव्हटेक आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सही तिथलेच. व्हॉल्व्ह वाईट नाहीत, आतली बांधणीही प्रत्येक नावाची सारखी नसते, पण ब्लॅकबर्नशी त्यांचा संबंध नावापुरता. स्लोव्हाकियाचे जेजे मी स्वतः वापरतो, तक्रार नाही.

मंद्र

रात्रपाळी, व्हॉल्व्ह निर्दोष तर संशय जागेवर. चुरचुर डाव्या चॅनलमध्येच बसून आहे, थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी. यातून मला दोन आरोपी दिसतात. एक, ईसीसी८३चा अ‍ॅनोड रोध. तिथे बहुधा १०० किलोओहमचा असतो, आणि जुना कार्बन रोध म्हातारा झाला की असाच चुरचुरतो. दोन, सॉकेटची सैल किंवा काळवंडलेली पकड. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि पकड आपोआप घट्ट होते.

सॉकेट आधी बघा, कारण त्यासाठी खालचं झाकण उघडावं लागत नाही. ॲम्प थंड असताना सुरू करा, व्हॉल्यूम शून्य, आणि पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने डाव्या बाजूच्या एकेका व्हॉल्व्हला हलकं ढकला. मारायचं नाही, फक्त कलवायचं. दुसरा हात खिशात. टकटक केल्यावर घंटेसारखा 'टिंग' आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक (हादरा आवाजात उतरवणारा), तो वेगळा आजार. कलवल्यावर चुरचुर वाढली किंवा एकदम थांबली तर सॉकेट.

रात्रपाळी

सापडलं!!

डावा ईसीसी८३ पेन्सिलीने खिडकीच्या बाजूला कलवला की पूर्ण शांतता. सोडला की चुर्र्र. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तसंच. महिनाभर डोकं खाल्लं त्या आवाजाने, आणि तो खोडरबराच्या एका बोटभर ढकलण्याने थांबत होता.

आता दुरुस्ती स्वतः करू की कुणाला देऊ?

ओहमशास्त्री

पहिली पायरी स्वतः करता येईल. प्लग काढा आणि तासभर थांबा. कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बंद केल्यावरही साठून राहतात, त्यामुळे तासानंतरही 'उतरले असतील' हे गृहीत धरायचं नाही. धातूचं काहीही सॉकेटच्या छिद्रात घालण्याआधी मीटर डीसी व्होल्टवर ठेवून सहाव्या आणि पहिल्या पिनेच्या छिद्रात जमिनीसापेक्ष मोजा. त्या दोन अ‍ॅनोडच्या पिना. आकडा शून्याजवळ असेल तरच पुढे.

मग कॉन्टॅक्ट क्लीनर व्हॉल्व्हच्या पिनांना लावा, सॉकेटमध्ये फवारू नका. सात-आठ वेळा आतबाहेर करा, पिना पुसा, पुन्हा करा. दात कोरायचे ते बारीक ब्रश मिळतात, तेही छिद्रात जातात. शेवटी भिंगातून बघा, एखादी पकड इतरांपेक्षा जास्त फाकलेली दिसली तर जाड सुईने बाजूने दाबून किंचित आत आणा. वाळल्याशिवाय सुरू करू नका.

मीटर नीट धरता येत नसेल किंवा मनात जराही धाकधूक असेल तर जाणत्याकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

रात्रपाळी

केलं. मीटरने दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवलं, मग हात घातला.

भिंगातून बघितल्यावर सहाव्या पिनेची पकड स्पष्ट वेगळी दिसत होती. बाकीच्या आठांचे ओठ मिटलेले, हिचे उघडे. पिनेवर काळपट वलय. ब्रश काळा निघाला. सुईने दाबली, व्हॉल्व्ह घातला तर आता तो नीट 'धरतो'. आधी नुसता टेकत होता हे आत्ता कळलं. चार दिवस झाले, थंड असो की तापलेला, चूं नाही.

जुनी_डबी, तुमचे कोडही बघितले. एका व्हॉल्व्हवर त्रिकोण आहे, म्हणजे हेर्लेन. दुसऱ्यावर टॉर्च लावून अर्धा तास बघितलं, काहीही कोरलेलं नाही. जोडी म्हणून विकलेले दोघं भाऊही नाहीत.

सोनकान

झालं ते झालं. पण आता त्रिकोणवाला लावून ऐका आणि सांगा. माझी उत्सुकता वेगळी आहे.

रात्रपाळी

ऐकलं, आणि ओहमशास्त्रींच्या पद्धतीने. एकटा डावा चॅनल, २०० हर्ट्झवर दोन्हीला २.०० व्होल्ट. पातळी जुळवायला व्हॉल्यूमचं बटण केसभर फिरवावं लागलं, म्हणजे वाढीत फरक होताच. मुलीला व्हॉल्व्ह काढायघालायला शिकवलं. तिने नाणं उडवायचं आणि त्याप्रमाणे माझा किंवा त्रिकोणवाला लावायचा, मी पाठ करून बसायचं. गार होणं, तापणं यात दोन शनिवार गेले. बारा वेळा ऐकलं, सात वेळा बरोबर ओळखला.

ओहमशास्त्री

डोळे मिटून नुसतं नाणं उडवत बसलात तरी बारात सात सहज येतात.

सोनकान

सातात काहीतरी आहे.

मंद्र

सहा आणि आठमध्ये काय असतं हे दोघांनाही ठाऊक आहे, पुढे चला.

सोनकान

बरं, माझंही सांगतो. जीझेड३४ लावल्यावर ३००बीवर मोजलं. अ‍ॅनोडवर ४४ वॅट निघाले, मर्यादा ४०. परत ५यू४जी लावला. आवाज थोडा मागे गेलाय असं वाटतंय आणि मी तोंड मिटून बसलोय.

नवा_गडी

एक शेवटचं. माझ्या पॉवर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतून निळी झाक दिसते. खराब झाले का?

जुनी_डबी

काचेला चिकटून, आवाजाबरोबर थोडी हलणारी निळी झाक असेल तर निश्चिंत राहा, इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात त्याची ती चमक. मधल्या भागात, पत्र्यांच्या दरम्यान जांभळट धुकं दिसलं तर आत वायू शिरलाय, लगेच काढा.

रात्रपाळी

त्या त्रिकोणवाल्याचं सांगायचं राहिलं. सुरू करताना त्याच्या तळाशी क्षणभर लख्ख पांढरा प्रकाश होतो, मग विझून नेहमीसारखा तांबूस होतो. घाबरलो होतो.

जुनी_डबी

काही जुन्या युरोपीय व्हॉल्व्हमध्ये फिलामेंटची शेवटची तार लेपाबाहेर उघडी असते, ती आधी तापते. दोष नाही.

रात्रपाळी

मग तोच ठेवतो लावून. आवाजात मला फरक कळत नाही, पण मुलगी रोज दिवे घालवून ते बघायला थांबते.

ओहमशास्त्री

ठेवा. ईएल३४ मूळ जागी आणल्यावर बायस बघितला ना?

रात्रपाळी

३५, ३५, ३६, ३५.